उटनूर : गाव, माणसे आणि दप्तर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. भूगोलाच्या तासाला ते प्रथम देशाचा नकाशा काढीत नसत. गावाजवळून वाहणारा ओढा ते फळ्यावर काढीत, आणि तो कोणत्या नदीस मिळतो, ती नदी पुढे कोठे जाते, असे विचारीत विचारीत आम्हाला पूर्वसमुद्रापर्यंत नेऊन सोडीत. त्यांच्या स्मरणार्थ बोलावयाचे तर विषयही उंबऱ्याजवळचाच असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी एका लहानशा गावाचा इतिहास, भूगोल आणि तेथील लोकवस्ती यांविषयी बोलणार आहे. ते गाव म्हणजे आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर.

आपल्यापैकी बहुतेकांनी उटनूर पाहिले आहे. गुडीहतनूरला महामार्ग सोडून पूर्वेस वळले, इंद्रवेल्ली मागे टाकली, की आदिलाबादपासून पन्नासएक किलोमीटरवर ते लागते. बसथांबा, बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या, आश्रमशाळा, कापसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या : वरवर पाहता कोणत्याही मंडलाच्या ठिकाणासारखेच हे गाव. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या पठारावर जे घडले, त्याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही, आणि त्या हिशेबात आपणा मराठी भाषकांच्या नावावरही काही जमा आणि काही खर्च पडलेला आहे. मी इतिहासाचा नव्हे, भाषेचा विद्यार्थी आहे. त्यामुळे शब्दांच्या आणि दप्तरांच्या वाटेनेच मला या गावात शिरता येईल.

पठार आणि पाणी

उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी, या दोन नद्यांच्या मध्ये सह्याद्रीच्या सातमाळा रांगेचे पूर्वेकडील फाटे पसरले आहेत. त्या फाट्यांच्या कुशीत उटनूरचे पठार आहे. पैनगंगेच्या काठची आपली आदिलाबाद, जैनद, बेला ही बाजू मोकळी, सपाट, काळ्या मातीची. उटनूरकडे जाताना मात्र जमीन हळूहळू चढू लागते, सागाचे जंगल रस्त्याजवळ येते आणि शेते डोंगरांच्या मधल्या खोलगट भागांत तुकड्या-तुकड्यांनी दिसू लागतात. पठाराचे पाणी एका दिशेला जात नाही. पश्चिमेकडील कडेम नदी दक्षिणेस वाहत जाऊन गोदावरीस मिळते. तिच्यावरचा कुंतला धबधबा आपण सहलीच्या निमित्ताने पाहिलाच आहे. पूर्वेकडील ओढे पेद्दवागूमार्गे प्राणहितेकडे जातात. पठाराच्या दक्षिणेस कव्वालचे अभयारण्य आहे. २०१२ साली ते व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले.

येथील माती दोन जातींची आहे. सखल भागात काळी, जड, ओल धरून ठेवणारी जमीन. तिच्यावर रब्बीची ज्वारी होई. उतारावर हलकी, मुरमाड, तांबूस जमीन. ती दोन-तीन वर्षे पिके देऊन थकते आणि तिला काही वर्षे पडीक ठेवावे लागते. गोंड शेतकरी हे जाणून होता. तो हलक्या जमिनीचा एक तुकडा कसे, दुसरा विसाव्याला सोडी, आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्याकडे परते. पडीक दिसणारी जमीन त्याच्या लेखी टाकलेली नव्हती, तिची पाळी यावयाची होती. आपण ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे झालेल्या अनर्थाचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

नावे आणि राजवटी

उटनूर, नारनूर, जैनूर, गुडीहतनूर : या नावांच्या शेवटी येणारा ‘ऊर’ म्हणजे द्राविडी भाषांतील गाव. त्यांच्याच शेजारी केसलापूर आहे, त्याचा शेवट आपल्या ओळखीचा. त्याखेरीज ‘गुडा’ने संपणाऱ्या वाड्या आहेत. एका बैलगाडीच्या टप्प्यात इतक्या तऱ्हेची नावे भेटतात, तेव्हा तेथे माणसे वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या दिशांनी आली, हे सांगण्यास ताम्रपटाची गरज राहत नाही.

या मुलखावर प्रथम चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. उटनूरची जुनी गढी त्या गोंड सत्तेची आठवण देते. अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि पुढे पैनगंगा-वर्धेच्या दक्षिणेकडील हा डोंगराळ भाग निजामाच्या राज्यात आला. राजा बदलला तरी डोंगरात फारसे काही बदलत नव्हते, कारण वरची सत्ता दूर असे आणि खालचा कारभार गोंड प्रमुखांच्याच हाती राही. या प्रमुखांना गोंडांमध्ये ‘मोकाशी’ म्हणत. मोकासा हा मराठी महसूल-व्यवस्थेतला शब्द. तो गोंड घराण्यांची पदवी होऊन बसला, यावरून मराठी येथे शाळेच्या किंवा ग्रंथांच्या द्वारे आली नव्हती, ती कारभाराच्या वाटेने आली होती, हे उघड होते.

दूरची सत्ता जवळ येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५७च्या उठावाच्या धामधुमीत निर्मळच्या बाजूस रामजी गोंड यांनी हत्यार उचलले आणि १८६० साली त्यांना फाशी देण्यात आले. त्यानंतर १८७२ साली सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा करण्यात आला आणि १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे तालुके आले. तालुके आले म्हणजे तहसील, पोलीस ठाणे, जंगल खाते, पटवारी आणि दप्तर आले.

माणसे आणि त्यांच्या बोली

हे दप्तर ज्यांच्यावर आले ती माणसे कोण होती? संख्येने मोठे होते ते राजगोंड. ते स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवितात आणि त्यांची भाषा गोंडी. डोंगरमाथ्यावर कोलाम राहत. त्यांची कोलामी हीदेखील गोंडीप्रमाणेच द्राविडी कुळातली, पण स्वतंत्र भाषा आहे. शिवाय नायकपोड, थोटी, आंध आणि परधान.

यांपैकी परधानांविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. गोंड घराण्यांच्या कुळकथा, देवांच्या उत्पत्तीची आख्याने, मृतांचे विधी यांचे ज्ञान त्यांच्यापाशी असते. किंगरीच्या साथीवर ते गोंडी आख्याने गातात. परंतु आपल्या जिल्ह्यातील परधानांच्या घरात बोलली जाणारी भाषा मात्र पुष्कळ काळापासून मराठी आहे. म्हणजे ज्यांच्या कंठात गोंडांचा सारा इतिहास, त्यांच्या चुलीपाशी मराठी! भाषा म्हणजे जात, भाषा म्हणजे प्रांत, असे मानणाऱ्यांनी एकदा उटनूरला यावे.

गोंडांनाही मराठी परकी नव्हती. पूर्वेकडील लक्षेट्टीपेठ-आसिफाबादच्या बाजूस तेलुगू चाले. आदिलाबाद आणि उटनूरच्या बाजूस मात्र परक्याशी बोलावयाचे तर गोंड माणूस मराठी बोले. बाजारात मराठी, पटवाऱ्यापुढे मराठी, शेजारच्या कुणब्याशी मराठी. गोंडीत कितीतरी मराठी शब्द रुजले आहेत, आणि पोळ्यासारखा सण दोघांनाही आपलाच वाटतो. येथील मराठीने गोंडांना शेजार दिला, यात शंका नाही. पण शेजाऱ्यानेच कधी कधी बांध सरकवलेला असतो, हेही आपण खेड्यातील माणसे जाणतो.

दप्तर आणि जमीन

निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात कारभाराची भाषा उर्दू होती. मुलकी नोंदी उर्दूत, पटवाऱ्याचे बोलणे मराठीत, सावकाराचे खाते मोडीत किंवा तेलुगूत, आणि ज्याच्या जमिनीविषयी हे सारे लिहिले जाई तो बोलणार गोंडीत. लिहिणे तर त्याला कोणी शिकविलेच नव्हते.

या काळात दोन गोष्टी एकदम घडल्या. महसूल वाढावा म्हणून सरकारने बाहेरील शेतकऱ्यांना या मुलखात जमिनी घेण्यास उत्तेजन दिले. ज्याला अर्ज करता येई, ज्याची कचेरीत ओळख असे, त्याच्या नावाने पट्टा होई. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या गोंडाला पट्टा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. आपण कसतो म्हणजे जमीन आपली, एवढाच त्याचा कायदा. दुसरीकडे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. विसाव्याला सोडलेली हलकी जमीन, जिच्यावर चार वर्षांत झुडपे वाढली होती, ती मोजणीदाराला जंगल दिसली. तिच्यावर रेघ ओढली गेली. काही वर्षांनी गोंड आपल्या पाळीच्या शेतावर परतला, तेव्हा तो स्वतःच्या शेतात चोर ठरला. कोलामांची तर डोंगरावरील वाड्या-वस्त्यांसह हकालपट्टी झाली.

सावकारीची रीत आपणास ठाऊक आहे. पेरणीच्या वेळी धान्य उचलावयाचे आणि सुगीला सवाई-दिढीने फेडावयाचे. एखादे वर्ष पावसाने ओढ दिली, की दिढीची दिढी होई. या सावकारांत मराठी होते, तेलुगू होते, मुसलमान होते. एका समाजाकडे बोट दाखवून दुसऱ्याला सुटता यावयाचे नाही.

येथे मला एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या एका नातलगाचे त्या बाजूस धान्याचे दुकान होते. १९६०च्या सुमारास, दहा-अकरा वर्षांचा असताना, मी सुटीत तेथे गेलो होतो. एके दिवशी एक वयस्क गोंड शेतकरी ज्वारी घालून गेला. जाण्यापूर्वी वहीवर त्याचा अंगठा घेण्यात आला. दुकानदार आत गेलेला पाहून त्याने ती वही माझ्यापुढे सरकवली आणि स्वच्छ मराठीत, काय लिहिले आहे ते वाचून दाखव, असे मला सांगितले. मी शाळकरी मुलगा, वाचता येते याचा मला अभिमान. पण खाते मोडीत होते, आणि मला केवळ बाळबोध येत होती. मी मान हलविली. तो काही न बोलता उठून गेला.

पुढे मराठीच्या अभ्यासासाठी मी मोडी शिकलो. घर मोडताना त्या जुन्या वह्यांपैकी दोन-तीन माझ्या हाती आल्या, आणि मी ते खाते शोधून काढले. तीन सुगींचे धान्य पुढे ओढत आणलेले होते. चौथ्या वर्षी धान्याच्या रकान्यात धान्य नव्हते. तेथे शेताचा सर्व्हे नंबर लिहिलेला होता. अक्षर सुरेख होते, बेरजेत एका पैचीही चूक नव्हती. माझ्या भाषेतील इतका बिनचूक आणि इतका लाजिरवाणा मजकूर मी दुसरा वाचलेला नाही.

जोडेघाट आणि मार्लवाई

असंतोष साचत गेला तो १९४० साली फुटला. कुमरम भीम यांनी बाबेझरी-जोडेघाट परिसरातील बारा गावांच्या जमिनीवर आणि जंगलावर गोंड-कोलामांचा हक्क मागितला. अर्ज-विनंत्या झाल्या, त्यांतून काही निघाले नाही. शेवटी जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे अनेक साथीदार मारले गेले. आश्विन पौर्णिमेला तेथे आजही त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे.

या घटनेने निजाम सरकारला उशिरा का होईना जाग आली. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ त्या काळी हैदराबाद संस्थानात संशोधन करीत होते. गोंडांच्या परिस्थितीचा अभ्यास त्यांच्याकडे सोपविण्यात आला. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मार्लवाई या गोंड गावी झोपडी बांधून राहिले. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयत्नांनी गोंडांना व कोलामांना मोठ्या प्रमाणावर पट्टे मिळाले आणि आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे नियम झाले.

मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे एक नाव याच काळात येते. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या सेवेत होते आणि आदिलाबाद जिल्ह्यात त्यांनी काम केले. केवळ फायलींवर सह्या करून ते थांबले नाहीत; गोंडी आणि कोलामी या भाषा ते शिकले. गोंडांविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४९ साली निघाले, आणि त्यानंतर कोलामीचे व गोंडीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ज्या भाषेच्या माणसांवर आपण अंमल करतो ती भाषा आपणास आली पाहिजे, हे ज्यांना समजले असे अधिकारी तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत.

मार्लवाईला १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यासाठी गोंडी वाचनपुस्तके तयार करण्यात आली. भाषा गोंडी, लिपी देवनागरी. देवनागरी निवडली गेली याचे कारण उघड होते : या भागातील गोंडांना मराठीची सवय होती, आणि गोंडी वाचता आले की मराठीचे दार आपोआप उघडणार होते. ज्या अक्षरांच्या मोडी बहिणीने त्यांची शेते नेली, त्याच घराण्यातील बाळबोध अक्षरांनी गोंड मुलांनी आपल्या आईची भाषा प्रथम कागदावर पाहिली. आपल्या लिपीच्या जमेच्या बाजूस याहून मोठी नोंद या जिल्ह्यात मला सापडलेली नाही.

राज्ये बदलली, सीमा बदलल्या

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवटचा भाग काढून मुंबई राज्यास जोडला गेला. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ आपल्याकडे आले. आणि उटनूरसह उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. ही वाटणी तेलुगू आणि मराठी या दोन भाषांच्या हिशेबाने झाली. गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंस होती. त्यांची भाषा कोणत्याच पारड्यात घातली गेली नाही. गोंडांची सोयरीक अलीकडे, देव पलीकडे, असे झाले. सीमा किती अनिश्चित होती याचे उदाहरण म्हणजे केरामेरी मंडल आणि जिवती तालुका यांच्या दरम्यानची चौदा गावे. त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा, आणि तेथील माणसे दोन्हीकडील मतदार.

कारभार तेलुगूत गेला, शाळा तेलुगूत गेल्या आणि मार्लवाईची देवनागरी-गोंडी पुस्तके मागे पडली. उर्दू दप्तर जाऊन तेलुगू दप्तर आले, एवढाच फरक गोंडाला जाणवला असावा. २००४ नंतर आंध्र प्रदेशात बहुभाषिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा गोंडी आणि कोलामी पाठ्यपुस्तके पुन्हा निघाली. या वेळी तेलुगू लिपीत.

रस्ता आणि बाजार

उटनूरच्या पठारावर बारमाही रस्ते झाले ते स्वातंत्र्योत्तर काळात. रस्ता ही चांगलीच गोष्ट. दवाखाना त्याच रस्त्याने आला, शाळाही त्याच रस्त्याने आली. पण त्याच रस्त्याने व्यापारी, कापसाचे दलाल आणि जमीन शोधणारे शेतकरीही आले. ज्वारीच्या शेतात कापूस आला. ज्वारी घरात ठेवता येते, कापूस विकावाच लागतो. त्यामुळे शेतकरी बाजाराशी आणि बाजार शेतकऱ्याशी कायमचा बांधला गेला. इंद्रवेल्ली हे पूर्वीचे खेडे, ते पाहता पाहता पेठ झाले.

कायदे झाले नाहीत असे नाही. अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाचा १९५९चा नियम १९६३ साली तेलंगणास लागू झाला, आणि १९७० साली तो अधिक कडक करण्यात आला. पण नियम छापील होते आणि जमीन हातोहात जात होती. १९७६ साली तेलंगणातील लंबाडा म्हणजे बंजारा समाजाचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. महाराष्ट्रात तो समाज त्या यादीत नाही. त्यामुळे सीमेपलीकडील अनेक कुटुंबे इकडे आली, आणि गोंड व लंबाडा यांच्यात जमिनी व नोकऱ्यांवरून जो ताण उत्पन्न झाला तो अद्याप निवळलेला नाही. येथेही दोष शोधताना जपून बोलावे. बंजारा कुटुंबेही पोटासाठीच आली होती. यादी एका राज्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी, हा काही त्यांचा अपराध नव्हता.

२० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर भरणाऱ्या सभेसाठी डोंगरातून गोंड येत होते. सभेस परवानगी नव्हती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ माणसे मेली. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. तेथील स्तंभ जाता-येता आपल्याला दिसतो. बाजाराला निघालेल्या किती जणांच्या गाठोड्यात केवळ मीठ-मिरचीचे पैसे होते, हे कोणत्याही आकड्यात आलेले नाही.

शिरगणती सांगते ते आणि न सांगते ते

निजामी अमलात शिरगणतीला ‘मर्दुमशुमारी’ म्हणत. २०११च्या जनगणनेत त्या वेळच्या अविभक्त आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ होती. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचे चार भाग झाले : आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियल आणि कुमरम भीम आसिफाबाद. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या वाट्याला २०११च्या गणनेतील सात लाखांवर लोकसंख्या आली, आणि तीत जवळजवळ एक तृतीयांश अनुसूचित जमातींचे लोक आहेत. या विभागणीत पठारही दुभंगले. उटनूर आदिलाबादेत राहिले. मार्लवाई आणि जोडेघाट आसिफाबादेत गेले. चारही जिल्ह्यांतील आदिवासी विकासाचे काम पाहणाऱ्या संस्थेची मुख्य कचेरी मात्र उटनूरलाच आहे. लोक तिला ‘आयटीडीए’ म्हणतात.

शिरगणतीत अनुसूचित जमाती हा एकच रकाना ठळकपणे पुढे येतो. त्यात गोंड, कोलाम, परधान, थोटी, नायकपोड आणि लंबाडा सारे एकत्र बसतात. रकान्यातील आकडा वाढतो, तेव्हा गोंडांची संख्या वाढली की बाहेरून माणसे आली, हे त्या बेरजेवरून कळत नाही. गावात मूळचे किती आणि नंतरचे किती, शेत कोणाच्या नावावर आणि नांगर कोणाच्या हाती, घरात कोणती भाषा आणि शाळेत कोणती, हे प्रश्न बेरजेच्या बाहेर राहतात. उटनूर वाढले, यात शंका नाही. कोणासाठी वाढले, हे विचारणे इतिहासाचे काम आहे.

आणि तरीही हा केवळ हानीचा इतिहास नाही. दरवर्षी पौष अमावस्येस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाची माणसे पायी गोदावरीपर्यंत जाऊन पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाला स्नान घालतात. महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून गोंड येतात. त्या दिवसांपुरती राज्यांची सीमा पुसली जाते. दिवाळीत दंडारी निघते, गुस्साडी नाचतात. मार्लवाईच्या कनक राजू यांना याच नृत्यासाठी २०२१ साली ‘पद्मश्री’ मिळाली. २०२४ साली ते वारले. बेट्टी यांची समाधी मार्लवाईलाच आहे, आणि हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही २०१२ साली त्यांच्याशेजारी पुरण्यात आल्या.

सर्वांत मोलाची बातमी गुंजाळा या गावाची. नारनूर मंडलातील या खेड्यात गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते सापडली, आणि हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी गावकऱ्यांच्या मदतीने ती वाचली. २०१८ साली ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने ही लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. ज्यांना आपण लिपीहीन म्हणत होतो, त्यांच्या पेटीत पोथ्या होत्या. आम्ही विचारलेच नव्हते.

आपले देणे

मित्रहो, आज आदिलाबाद जिल्ह्यात मराठी भाषक अल्पसंख्य आहेत. मराठी शाळांतील पट घटतो आहे, शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, मुलांना कचेरीतील कागद वाचता येत नाही, अशी आपली तक्रार आहे. ती खरी आहे आणि मीही तीत सामील आहे. परंतु आपल्या कागदाची भाषा आपल्याला कळत नाही, हे जे दुःख आपल्याला आता कळू लागले आहे, ते उटनूरच्या गोंडाने कितीतरी पिढ्या भोगले. आणि त्यांतील काही पिढ्या त्या कागदावरची भाषा आपली होती. आपल्या मातृभाषेसाठी न्याय मागताना ही आठवण ज्याने जवळ ठेवली, त्याच्या मागणीला वजन येईल.

मी फार मोठे उपाय सुचविणार नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांत जुन्या वह्या, खतपत्रे, मोडी कागद असतील. ते रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, आणि ज्या गावाच्या जमिनीविषयी त्यांत लिहिले आहे त्या गावाला त्याची नक्कल द्या. परधानांच्या घरी जाऊन, त्यांची अनुमती घेऊन, त्यांची आख्याने ध्वनिमुद्रित करा. त्यांच्याशी बोलण्यासाठी आपल्याला दुभाषी लागणार नाही, हे भाग्य कमी नाही. आणि शाळेत आठवड्यातून एक तास तरी गोंडीचा असावा. आपल्या मुलांना शेजाऱ्याचे नाव त्याच्या भाषेत उच्चारता आले पाहिजे.

ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तो शेतकरी आज हयात असण्याचा संभव नाही. पण त्याने मला काय लिहिले आहे ते वाचून दाखवावयास सांगितले होते, आणि तेव्हा मला ते साधले नव्हते. आज या व्यासपीठावरून मी ते वाचून दाखविले. गुरुजींनी फळ्यावर काढलेला ओढा कोठून कोठवर जातो, हे समजावयास मला इतकी वर्षे लागली.